परमॅलॉयच्या नॅनोचकतीतला भोवरा: लूप काढायचा कसा आणि त्यातल्या उड्या तपासायच्या कशा

परमॅलॉयची, म्हणजे निकेल-लोखंडाच्या मिश्रधातूची, एक चकती घ्यायची, व्यास २०० नॅनोमीटर, जाडी २० नॅनोमीटर. चकतीच्या प्रतलात चुंबकीय क्षेत्र लावायचं, ते +२०० मिलिटेस्लापासून −२०० पर्यंत नेऊन परत आणायचं आणि चकतीचं सरासरी चुंबकन (चुंबकत्व किती आणि कुठल्या दिशेला) कसं पलटतं ते संगणकावर पाहायचं. क्षेत्राविरुद्ध चुंबकनाचा हा जाऊन-येऊन काढलेला आलेख म्हणजे लूप. एवढंच काम आहे, आणि बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्ड असलेल्या साध्या संगणकावर ते होतं. वेळ जातो तो लूपमध्ये दिसणाऱ्या दोन उड्या चकतीच्या आहेत की आकडेमोडीच्या, हे ठरवण्यात. म्हणून पुढचा बराचसा मजकूर त्याबद्दल आहे.

आधी चित्र डोळ्यांसमोर आणू. क्षेत्र जोरदार असताना चकतीतलं चुंबकन सगळं एकाच दिशेला असतं. क्षेत्र काढून घेतलं की या एकसारख्या अवस्थेला कडेवर उघडे पडलेले ध्रुव ऊर्जेच्या हिशेबात महाग पडतात. मग चुंबकन कडेला समांतर वळतं आणि मध्याभोवती गोल फिरतं. हाच भोवरा. अगदी मध्यावर मात्र गोल फिरायला जागा उरत नाही, शेजारचे स्पिन (अणूंची चिमुकली चुंबकं) एकमेकांच्या थेट विरुद्ध व्हायला लागतात. ते टाळण्यासाठी तिथलं चुंबकन प्रतल सोडून सरळ वर किंवा खाली उभं राहतं. लाकडी भोवऱ्याला आर असते तशी ही भोवऱ्याची आर, म्हणजे गाभा. फिरण्याची दिशा दोनपैकी एक, आरेची दिशा दोनपैकी एक, म्हणून एकूण चार अवस्था होतात. फिरण्याच्या दिशेला इथे फिरकी म्हणू आणि आरेच्या दिशेला ध्रुवता. फिरकी आणि ध्रुवता एकमेकींपासून स्वतंत्र असतात, ही गोष्ट पुढे कामाला येईल.

ही आर प्रत्यक्षात २००० साली शिंजो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परमॅलॉयच्या चकत्यांवर मॅग्नेटिक फोर्स मायक्रोस्कोपने दाखवली. प्रत्येक चकतीच्या मध्यावर एक ठिपका, कुठे उजळ तर कुठे काळा. २००२ मध्ये वाखोव्हियाक आणि सहकाऱ्यांनी लोखंडाच्या सूक्ष्म बेटांवर स्पिन-ध्रुवित टनेलिंग मायक्रोस्कोपने गाभ्याची रुंदी मोजली, ती सुमारे ९ नॅनोमीटर निघाली. संगणकात चकती ज्या ठोकळ्यांत विभागायची त्यांची जाळी किती बारीक हवी हे या एका आकड्यावरून कळतं.

संगणकाच्या आधी कागद

परमॅलॉयचे नेहमीचे आकडे असे: संपृक्त चुंबकन ८ × १०⁵ अँपिअर प्रति मीटर, विनिमय स्थिरांक (शेजारचे स्पिन समांतर राहण्याचा जोर) १.३ × १०⁻¹¹ ज्यूल प्रति मीटर, स्फटिकी विषमदिशता (स्फटिकाने चुंबकनाला ठरावीक दिशांकडे ओढणं) शून्य धरायची. यातून विनिमय लांबी, म्हणजे ज्याहून कमी अंतरात चुंबकन फारसं वळू शकत नाही ते अंतर, ५.७ नॅनोमीटर येते. संपृक्त चुंबकनाला निर्वाताच्या पारगम्यतेने गुणलं की जवळजवळ १ टेस्ला येतो, त्यामुळे पुढचे हिशेब तोंडी होतात.

चकतीच्या प्रतलातला विचुंबकन गुणांक काढा, म्हणजे कडेवरचे ध्रुव आतल्या चुंबकनाला किती विरोध करतात त्याचं माप. जाडी भागिले त्रिज्या याला बीटा म्हणू. पातळ चकतीसाठी गुणांक साधारण (बीटा ÷ २π) × [लॉग(८ ÷ बीटा) − ०.५] इतका असतो, लॉग नैसर्गिक. आपल्या चकतीला बीटा ०.२, म्हणजे गुणांक ०.१०. या एका आकड्यातून तीन गोष्टी हाती येतात.

पहिली, ऊर्जा. एकसारख्या चुंबकनाची विचुंबकन ऊर्जा सुमारे २.६ × १०⁻¹⁷ ज्यूल. भोवऱ्याला मुख्य खर्च विनिमयाचा: २π × विनिमय स्थिरांक × जाडी × [लॉग(त्रिज्या ÷ गाभ्याची त्रिज्या) + साधारण १.३]. गाभ्याची त्रिज्या १२ नॅनोमीटर धरली तर हे ५.६ × १०⁻¹⁸ ज्यूल होतं, म्हणजे चौपटीहून स्वस्त. शून्य क्षेत्रात भोवराच जिंकणार. हाच हिशेब १०० नॅनोमीटर व्यास आणि १० नॅनोमीटर जाडीसाठी केला की दोन्ही ऊर्जा एकमेकींच्या बऱ्याच जवळ येतात. तिथे कोण जिंकतं यापेक्षा कोण अडकून राहतं हे महत्त्वाचं ठरतं. १९९९ मध्ये कॉबर्न आणि सहकाऱ्यांनी सुपरमॅलॉयच्या (परमॅलॉयसारख्याच मिश्रधातूच्या) चकत्या मोजल्या, तेव्हा याच मापाची चकती एकडोमेनी (सगळं चुंबकन एकाच दिशेला) निघाली आणि तितक्याच जाडीची पण ३०० नॅनोमीटर व्यासाची चकती भोवऱ्याची निघाली. तुमची स्क्रिप्ट नीट चालते का हे पाहायला ही जोडी उत्तम आहे.

दुसरी, भोवरा बाहेर पडण्याचं क्षेत्र. गाभा ताठ सरकतो असं मानलं तर ते गुणांक × संपृक्त चुंबकन, म्हणजे सुमारे १०० मिलिटेस्ला. खरा भोवरा सरकताना आकार बदलतो, म्हणून हा आकडा फक्त पट्टी ठरवायला वापरायचा. ±२०० पुरेसं आहे हे त्यावरून कळतं.

तिसरी, रेषेचा चढ. भोवरा आत असताना १० मिलिटेस्ला क्षेत्राला सरासरी चुंबकन संपृक्ततेच्या ०.१ च्या आसपास यायला हवं आणि गाभा मध्यापासून १० ते १५ नॅनोमीटर सरकायला हवा, तोही क्षेत्राला काटकोनात. क्षेत्र उजवीकडे आणि भोवरा घड्याळाच्या उलट फिरणारा असेल तर गाभा वर जातो, कारण खालच्या अर्ध्या भागातलं चुंबकन उजवीकडे असतं आणि तोच भाग मोठा व्हायचा असतो. गाभा क्षेत्राच्या दिशेने सरकताना दिसला तर स्क्रिप्टमध्ये अक्ष अदलाबदल झालेत, पुढे जाऊ नका.

एककांकडे इथेच लक्ष द्या. १ मिलिटेस्ला म्हणजे १० अर्स्टेड, म्हणजे ७९६ अँपिअर प्रति मीटर. जुन्या शोधनिबंधांत अर्स्टेड असतात, एका प्रोग्रॅमला टेस्ला लागतात, दुसऱ्याला अँपिअर प्रति मीटर. भोवरा बाहेर पडण्याचं क्षेत्र दहापट किंवा साडेबारापट चुकलं तर भौतिकशास्त्र तपासण्याआधी एकक तपासा.

जाळी आणि कड

साधन म्हणून ममॅक्स-३ घ्या. गेंट विद्यापीठातलं हे मोफत सॉफ्टवेअर एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डावर चालतं. कार्ड नसेल तर अमेरिकेच्या निस्ट संस्थेचं ऊम्फ साध्या प्रोसेसरवर चालतं, थोडा धीर धरावा लागतो. आपल्या चकतीसाठी महासंगणकाच्या रांगेत उभं राहायची गरज नाही.

सेलची, म्हणजे जाळीतल्या एका ठोकळ्याची, बाजू विनिमय लांबीपेक्षा लहान हवी. तिन्ही दिशांना २.५ नॅनोमीटर घ्या. चकतीभोवती थोडी मोकळी जागा ठेवून ९६ × ९६ × ८ सेल करा. ९६ हा आकडा मुद्दाम निवडलाय: विचुंबकन क्षेत्र फूरियर रूपांतराने काढलं जातं आणि २, ३, ५, ७ यांच्या गुणाकारातून येणाऱ्या संख्यांवर ते वेगाने होतं. ९७ घेतले तर तेच काम उगाच रेंगाळतं.

५ नॅनोमीटरचा सेल घेऊन वेळ वाचवायचा मोह होतो. तसं केलं की गाभा दोन-चार सेलांत मावतो आणि सेलांच्या मधोमध अडकतो. क्षेत्र वाढवत नेलं की तो एका सेलवरून दुसऱ्यावर टपकन उडी मारतो, आणि जिथे लूपमध्ये सरळ रेष हवी तिथे बारीक पायऱ्या दिसतात. या पायऱ्या पाहून पदार्थातल्या दोषांवर भोवरा अडकला असं लिहून मोकळं होऊ नका. सेल निम्मा करा. पायऱ्या लहान झाल्या तर त्या जाळीच्या होत्या. शेजारच्या दोन सेलांमधला कमाल कोनही तक्त्यात नोंदवत जा. स्थिर अवस्थेत तो ३० अंशांच्या आत असेल तर आकड्यांवर विश्वास ठेवता येतो, ९० च्या जवळ गेला तर तिथलं उत्तर टाकून द्या.

गोल कड चौकोनी सेलांनी काढली की जिन्यासारखी होते. त्या जिन्यावर खोटे ध्रुव तयार होतात आणि भोवरा कडेतून आत शिरण्याचं क्षेत्र बदलतं. ममॅक्समध्ये एजस्मूथ नावाचा पर्याय आहे, तो ८ वर ठेवा. कडेच्या सेलात पदार्थ किती भरलाय याचा हिशेब मग बारकाईने होतो.

सममितीचा सापळा

बहुतेक जण पहिल्यांदा अडकतात ते इथे. चकती अगदी गोल, क्षेत्र अगदी आडव्या अक्षावर, सुरुवात अगदी एकसारख्या चुंबकनाने. क्षेत्र कमी करत आणलं, शून्य झालं, उलट झालं, तरी भोवरा येत नाही. मग कुठेतरी उशिरा एकदम काहीतरी होतं. प्रोग्रॅम चुकत नसतो. अवस्था सुरीच्या धारेवर उभी असते आणि तिला कुठल्याही बाजूला ढकलणारं बळ अचूक शून्य असतं. शेवटी ढकलते ती आकडेमोडीतली दशांश चूक. ती केव्हा पुरेशी वाढेल याचा चकतीशी काही संबंध नाही, त्यामुळे लूपमधलं ते क्षेत्रही निरर्थक.

यावर सगळीकडे सांगितला जाणारा उपाय म्हणजे क्षेत्र १ अंशाने तिरकं करा. करा, पण तेवढ्याने भागत नाही, आणि का भागत नाही हे समजून घेण्यासारखं आहे. चकतीवर मध्याच्या समोरासमोर असे दोन बिंदू घ्या, एक डावीकडे, एक उजवीकडे तितक्याच अंतरावर. एकसारख्या अवस्थेत दोन्हीकडे चुंबकन सारखं असतं. भोवऱ्यात ते एकमेकांच्या नेमकं उलट असतं. म्हणजे भोवरा व्हायचा तर ही समोरासमोरची समानता मोडायलाच हवी. तिरकं केलेलं क्षेत्रही दोन्ही बिंदूंवर सारखंच असतं, ते ही समानता मोडू शकत नाही. उलट ते चुंबकनाला इंग्रजी एस अक्षरासारखं वळण देतं, आणि एस आकारातून दोन्ही कडांनी एकेक असे दोन भोवरे शिरू पाहतात. एकच भोवरा हवा असेल तर सी अक्षरासारखं वळण लागतं, एका बाजूला उघडं.

म्हणून सममिती भूमितीतच मोडा. चकतीच्या वरच्या बाजूचा एक सेल, म्हणजे २.५ नॅनोमीटर, सरळ कापा. एवढ्याशा कापाने ४४ नॅनोमीटर लांबीची सपाट कड तयार होते. खऱ्या चकतीची कड याहून ओबडधोबड असते, त्यामुळे हा काप म्हणजे लबाडी नव्हे. दुसरा मार्ग: चकतीचं केंद्र वर-खाली दिशेने पाऊण नॅनोमीटर सरकवा, म्हणजे वरचा आणि खालचा जिना वेगळा होतो. तिसरा: प्रत्येक क्षेत्राला चुंबकनात किंचित यादृच्छिक हालचाल मिसळा. तिसऱ्या मार्गाने फिरकी दर वेळी वेगळी येईल, म्हणून दहा-वीस लूप काढून त्यांचा विखुरलेपणा सांगावा लागतो.

कापाचा एक मोठा फायदा आहे. सपाट कडेमुळे फिरकी नशिबावर राहत नाही. संपृक्त करणारं क्षेत्र उजवीकडे असताना जी फिरकी मिळते, क्षेत्र डावीकडे घेतलं की तिच्या उलट मिळते. सिम्युलेशनमध्ये हे दोन्हीकडून करून पाहा. दोन्ही वेळा एकच फिरकी आली तर काप योग्य ठिकाणी लागलेला नाही: तो क्षेत्राच्या रेषेवरच्या टोकाला नको, वरच्या किंवा खालच्या कडेला हवा.

ध्रुवता मात्र प्रतलातल्या कुठल्याच क्षेत्राने ठरत नाही. ती ठरावीक हवी असेल तर भोवरा शिरताना ५ ते १० मिलिटेस्लाचं उभं क्षेत्र सोबत ठेवा.

लूप

+२०० मिलिटेस्लाला एकसारखं चुंबकन देऊन रिलॅक्स करा, म्हणजे अवस्था कमी ऊर्जेला स्थिरावू द्या. नंतर पायरीपायरीने खाली या: सुरुवातीला ५ मिलिटेस्लाची पायरी, उडीच्या जवळ १ ची. प्रत्येक पायरीला मिनिमाइज (ऊर्जा किमान करणारी आज्ञा) चालवा, थांबण्याची मर्यादा १०⁻⁶, आणि तक्त्यात क्षेत्र, सरासरी चुंबकन, एकूण ऊर्जा आणि कमाल कोन लिहून घ्या. उडीच्या आधीची आणि नंतरची पूर्ण अवस्था फाइलमध्ये जपून ठेवा. नुसत्या आलेखावरून सी होतं की एस होतं हे कधीच कळत नाही.

नीट आलेल्या लूपचा आकार असा: मध्ये शून्यातून जाणारी बारीक तिरकी रेष आणि दोन्ही टोकांना एकेक फुगा. शून्य क्षेत्राला चुंबकन जवळजवळ शून्य. वरून येताना भोवरा शिरतो तिथे पहिली खाली उडी. जाड आणि रुंद चकतीत ती शून्याच्या आधीच येते, लहान आणि पातळ चकतीत क्षेत्र उलटल्यावर. मग रेष, गाभा मध्यातून जाऊन दुसऱ्या कडेकडे सरकतो. शेवटी दुसरी उडी, गाभा कडेतून बाहेर. शून्याला चुंबकन ०.९ च्या वर राहिलं आणि एकाच उडीत पलटलं तर भोवरा आलाच नाही. चकती खरंच एकडोमेनी आहे की सममितीच्या सापळ्यात आहे, हे एका चाचणीने कळतं: शून्य क्षेत्रात भोवऱ्याची अवस्था स्वतःहून द्या, रिलॅक्स करा आणि तिची ऊर्जा एकसारख्या अवस्थेच्या ऊर्जेशी ताडून पाहा. भोवरा बराच स्वस्त असूनही लूपमध्ये येत नसेल तर संशय सापळ्यावर घ्या.

मिनिमाइज उतारावरून खाली जातो, स्पिनची परिक्रमा (क्षेत्राभोवतीचं त्यांचं घुमणं) तो धरत नाही. शांतपणे सरकणाऱ्या भागांत याने काही बिघडत नाही. उडीच्या जागी मात्र चकती शेवटी कुठल्या अवस्थेत थांबते हे परिक्रमेवरही अवलंबून असतं. म्हणून उडीच्या लगतची अवस्था घ्या, क्षेत्र एक पायरी पुढे टाका आणि अवमंदन (हे घुमणं किती लवकर विरतं त्याचं माप) ०.०१ ठेवून १० ते २० नॅनोसेकंद खरी गतिकी चालवून पाहा. दोन्ही मार्गांनी तीच फिरकी आली तर निर्धास्त राहा.

एकदा सगळा लूप झाला की सेल निम्मा करून पुन्हा काढा. दोन्ही उड्यांची क्षेत्रं एखाद-दुसऱ्या पायरीच्या आत राहिली तर जाळी पुरेशी आहे. ही चाचणी टाळू नका, रात्रभर चालवून ठेवा.

भोवरा हलवून पाहणे

लूप झाल्यावर दहा मिनिटांचं एक काम आणखी करा, कारण त्याने आधीचे आकडे वेगळ्याच बाजूने तपासले जातात. ५ मिलिटेस्लाच्या क्षेत्रात भोवरा स्थिर करा, क्षेत्र एकदम बंद करा, आणि दर १० पिकोसेकंदांनी चुंबकन नोंदवत २० नॅनोसेकंद चालवा. गाभा गोल फेऱ्या मारत मध्याकडे परततो. पातळ चकतीच्या सूत्राने आपल्या मापाला फेऱ्यांची वारंवारता १ गिगाहर्ट्झच्या जवळ येते. सिम्युलेशनची थोडी कमी यावी, कारण जाडी वाढली की सूत्र जास्त सांगतं. फेऱ्या कुठल्या दिशेने हे ध्रुवता ठरवते, फिरकीचा त्यात हात नसतो. ध्रुवता उलटी करून चालवा, फेऱ्या उलट्या व्हायला हव्यात.

याच फेऱ्यांचा जोर वाढवला तर आर उलटते. ती स्थिर उभ्या क्षेत्राने उलटवायची तर साधारण अर्धा टेस्ला लागतो. २००६ मध्ये व्हान वायेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी ती केवळ १.५ मिलिटेस्लाच्या क्षणिक आंदोलनाने उलटवून दाखवली. सिम्युलेशनमध्ये हा क्षण पाहताना सावध राहा. त्या वेळी शेजारच्या स्पिनमधला कोन फार मोठा होतो आणि आर नेमकी कितव्या पिकोसेकंदाला उलटली हे जाळीवर ठरतं. उलटली का, आणि किती जोराने ढकलल्यावर, इतकंच त्यातून घ्या.

मोजमापाशी जुळवताना

प्रयोगातला लूप तुमच्या लूपपेक्षा अरुंद येतो. तुमचं सिम्युलेशन शून्य केल्व्हिनचं आहे. खोलीच्या तापमानाला उष्णतेची मदत मिळते, म्हणून वरून येताना भोवरा लवकर शिरतो आणि पुढे लवकर बाहेर पडतो. कडेचा खडबडीतपणा तेच करतो. कर-परिणामाने (चुंबकनामुळे परावर्तित प्रकाशाचं ध्रुवण बदलतं त्यावरून) मोजलं तर लेसरच्या ठिपक्याखाली हजारो चकत्या असतात आणि प्रत्येकीची उडी किंचित वेगळ्या क्षेत्राला होते. सरासरीत ती उतारासारखी दिसते. अशा उताराच्या मध्याशी तुमची उडी ताडून पाहा.

चकत्यांमधलं मोकळं अंतर व्यासाइतकं किंवा जास्त असेल तर एकटीचं सिम्युलेशन चालतं. त्याहून दाटीत शेजारणींचं क्षेत्र धरावंच लागतं, विशेषतः भोवरा शिरण्याच्या उडीला, कारण तेव्हा सगळ्याच चकत्या एकसारख्या चुंबकनाच्या असतात आणि त्यांचं क्षेत्र बाहेर पसरलेलं असतं. भोवरा झाला की ते जवळजवळ मिटतं.

जाडी मोजलेली घ्या, ठरवलेली नको. वरचा थर ऑक्सिडाइज झाला असेल तर २० नॅनोमीटरचे १८ च चुंबकीय उरतात आणि गुणांकही घसरतो. लिफ्ट-ऑफने (साच्यावर धातू टाकून मग साचा विरघळवून) केलेल्या चकत्यांना कधी कधी कडेवर उभे कंगोरे राहतात, स्पटरिंगने धातू टाकला असेल तर हमखास, कारण तो रेझिस्टच्या, म्हणजे त्या साच्याच्या, भिंतींवरही चढतो. असे कंगोरे दिसले तर भोवरा शिरण्याचं क्षेत्र जुळवायचा आग्रह सोडा आणि आधी मधल्या रेषेचा चढ जुळतो का ते पाहा. चढ जाडी, व्यास आणि संपृक्त चुंबकन यांवर ठरतो, कडेच्या बारकाव्यांवर फारसा नाही.

फोर्स मायक्रोस्कोपने पाहणार असाल तर कमी चुंबकनाची टीप वापरा, नाहीतर टीपच गाभ्याला ओढत नेते. या यंत्राला ध्रुवता दिसते, पण अगदी गोल चकतीची फिरकी दिसत नाही, कारण गोल फिरणाऱ्या चुंबकनातून बाहेर क्षेत्रच पडत नाही. फिरकीसाठी लॉरेन्झ इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप लागतो, आणि त्यात दिसणाऱ्या मधल्या उजळ किंवा काळ्या ठिपक्याचा अर्थ वेगळा आहे: तो आर नव्हे, फिरकी सांगतो. दोन यंत्रांचे हे दोन ठिपके दिसायला सारखे असतात, म्हणून चित्राखाली यंत्राचं नाव लिहा, आणि लूपच्या आलेखाखाली सेलची बाजू, क्षेत्राचा कोन, पायरीचं माप आणि सममिती कशाने मोडली तेही लिहा.